धाब्याची माती : पश्चिम खानदेशातील छपरांची वार्षिक डागडुजी आणि इतिहासाची साधने

वास्तूंचा इतिहास लिहिणाऱ्यांचा ओढा स्वभावतःच टिकून राहिलेल्या वास्तूंकडे असतो. लेणी, मंदिरे, गढ्या, वाडे, फार तर एखादी जुनी बारव, एवढ्यांवर बहुतेक ग्रंथांची प्रकरणे संपतात. परंतु ज्या घरांत लोकसंख्येचा फार मोठा भाग पिढ्यानपिढ्या राहत आला, त्यांचा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे छप्पर, टिकण्यासाठी बांधलेलेच नव्हते. ते दरसाल थोडे मरत असे आणि दरसाल पावसाळ्यापूर्वी पुन्हा जिवंत केले जात असे. वर्षानुवर्षे नवे होत राहणाऱ्या या वस्तूचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा, आणि ती नवी करण्यासाठी लागणारी माती, गवत, लाकूड व श्रम ही कोठून येत होती, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय होत. विवेचनासाठी नंदुरबार तालुक्यातील कोरीट हे गाव व त्याच्या भोवतालचा सपाट मुलूख दृष्टीसमोर ठेवला आहे. उत्तरेस तापी व तिच्या पलीकडे सातपुडा, आणि पश्चिमेस नवापूरकडील डोंगराळ प्रदेश अशा चौकटीत हा मुलूख बसतो. येथे छपराचे दोन निरनिराळे प्रकार एकमेकांच्या शेजारी येऊन उभे राहतात, आणि म्हणूनच तुलनेला तो सोयीचा आहे.

प्रदेशाच्या नावांसंबंधी एक खुलासा येथेच केलेला बरा. १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आलेल्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर पश्चिम खानदेशास धुळे जिल्हा असे नाव मिळाले, व १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. कागदपत्रांत एकच गाव या कारणाने तीन-चार जिल्ह्यांच्या नावांखाली आढळते.

आता शब्दांकडे वळू. देशावर ज्यास माळवद म्हणतात त्यास खानदेशात धाबे म्हणतात. सपाट, मातीने झाकलेले छप्पर असा त्याचा अर्थ. त्याची डागडुजी 'माती टाकणे' किंवा 'खारी टाकणे' या शब्दांनी सांगितली जाते. उतरत्या छपराच्या डागडुजीसाठी मराठीत 'शाकारणे' हा फार सुंदर शब्द आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तो गवताने छावणे व कौले घालणे या दोन्ही अर्थांनी येतो. म्हणजे आच्छादनाचा पदार्थ बदलला तरी क्रियेचे नाव बदलले नाही, कारण लोकांच्या दृष्टीने महत्त्व पदार्थाला नसून दरसालच्या कामाला होते. 'नियम धाब्यावर बसवणे' हा वाक्प्रचार तर आज ज्यांनी आयुष्यात धाबे पाहिलेले नाही त्यांच्याही तोंडी असतो. गावगाड्याच्या शब्दसंग्रहात आणखी एक जोडी आहे, ती म्हणजे काळी आणि पांढरी. पिकाऊ शेतजमीन ती काळी, आणि वस्तीची जागा ती पांढरी. या दोन शब्दांत रंगांची नोंद आहे आणि ती शब्दशः खरी आहे. शेकडो वर्षे भिंती पडून, राख, शेण, कोंडा व चुना मिसळून वस्तीखालची जमीन पांढुरकी होते. धाब्याचा इतिहास या पांढरीशी कसा जखडलेला आहे हे पुढे येईलच.

धाब्याची रचना वरवर पाहता साधी, परंतु विचारपूर्वक केलेली असते. दगडी उथळ्यांवर लाकडी खांब उभे करून त्यांवर तुळया टाकतात. तुळयांवर कड्या, आणि कड्यांवर ऐपतीप्रमाणे फळ्या, चिरलेला बांबू, किंवा तुराट्या, पऱ्हाट्या व झाडाच्या बारीक फांद्या यांचा थर येतो. त्यावर पाला किंवा गवत, मग ओल्या चिखलाचा लेप, व सर्वांत वर कोरड्या मातीचा जाड थर धुम्मसाने चोपून बसवितात. पृष्ठभागास किंचित उतार देऊन पाणी पन्हळाकडे नेतात. घराचे मोजमाप फुटांत होत नसे, खणांत होई. दोन तुळयांमधले अंतर तो खण, आणि 'चार खणांचे घर' म्हटले की छपराचा भार, लाकडाचा खर्च व घरधन्याची पत या सर्वांचा अंदाज ऐकणाऱ्यास येई.

या छपराचा मुख्य गुण उन्हाळ्यात कळतो. एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा चाळीस अंशांच्या वर राहतो. पाऊण ते एक फूट जाडीच्या मातीच्या थरातून बाहेरची उष्णता आत पोचण्यास सात-आठ तास लागतात. दुपारी दोन वाजताचे ऊन खोलीत उतरू लागते तोवर रात्र झालेली असते, आणि घरातील माणसे तोपर्यंत अंथरुणे घेऊन धाब्यावर झोपावयास गेलेली असतात. मातीचा पांढुरका रंगही ऊन परतवून लावण्यास साहाय्य करतो. दिवसा छप्पर, रात्री अंगण, आणि कापणीनंतर मिरच्या, पापड व धान्य वाळविण्याचे खळे, असे तिहेरी काम एकच पृष्ठभाग करीत असे. तेव्हा धाबे हे दारिद्र्याचे लक्षण मानण्याची जी पद्धत नंतर पडली ती निराधार आहे. कडीपाटाच्या धाब्याखाली सधन पाटील-देशमुखही राहत आणि पऱ्हाट्यांच्या धाब्याखाली मजूरही राहत. फरक लाकडात होता, मातीत नव्हता.

मात्र हा गुण फुकट मिळत नसे. पाऊस हा मातीच्या छपराचा शत्रू, आणि ऊन हा त्याहून कावेबाज शत्रू. उन्हाने पृष्ठभाग तडकतो, भेगा पडतात, वाऱ्याने वरची बारीक माती उडून जाते, उंदीर बिळे करतात, व गतवर्षीच्या पावसात उगवलेल्या गवताची मुळे वाळली की त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. पहिला मोठा पाऊस याच वाटांनी घरात येतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी छपरावरील गवत मुळासकट उपटणे, भेगा फोडून पुन्हा भरणे, नवी माती पसरणे, ती चोपणे, पन्हळ मोकळे करणे आणि कठड्याला लिंपण करणे हा कामांचा क्रम ठरलेला असे. त्यानंतरही काम संपत नसे. पहिल्या सरीत घरातील कोणीतरी खाली थेंब कोठे पडतो ते पाही व दुसरा वर जाऊन त्या जागी ओंजळभर माती टाकून पायाने दाबी. श्रावणातील गवत उपटण्याची फेरी ही वेगळीच.

यासाठी कोणतीही माती चालत नाही, आणि हे ज्ञान येथील लोकांचे खास होते. शेतातली काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने तडकते. तिचे धाबे केल्यास पहिल्याच उन्हाळ्यात त्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतील. पांढरी माती बारीक, राखेची व चुनखडीची, न फुगणारी. तिच्याबरोबर किंवा तिच्याऐवजी खारी माती वापरीत, म्हणजे खारवट जागेवरून खरवडून आणलेली. क्षारांतील सोडियममुळे मातीतील चिकणकण ओले होताच सुटे होऊन बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि थर पाण्यास अभेद्य होतो. शिवाय खाऱ्या जागी गवत उगवत नाही. पिकासाठी जी जमीन निकामी, ती छपरासाठी उत्तम. हे रसायन कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

आता भाराचा हिशेब करून पाहावा, कारण धाब्याचे भय त्याच्या भारात आहे. कोरड्या मातीच्या एका घनफुटाचे वजन सुमारे ४५ किलो धरले तर दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवरील नऊ इंच मातीचे वजन ३,३७५ किलो होते. भिजल्यावर ते आणखी वाढते. दरसाल केवळ अर्धा इंच माती नव्याने टाकली तर प्रतिवर्षी सुमारे १९० किलोंची भर पडते. त्यातील काही पावसाने वाहून जाते हे खरे, पण वाहून जाते त्याहून थोडी जरी अधिक टाकली गेली तरी एका पिढीत तुळया वाकतात. म्हणून जाणता घरमालक काही वर्षांनी जुनी माती उतरवून नवी टाकीत असे. आळशी अथवा अडचणीतला मालक नुसती वर टाकीत जाई. पावसाळ्यात धाबे बसून माणसे दगावल्याच्या घटनांचे मूळ वाळवी लागलेल्या लाकडाइतकेच या साठलेल्या भारातही असते. डागडुजी टाळली तर घर गळते, आणि अविचाराने केली तर घर पडते. या दोहोंमधली वाट अनुभवानेच सापडे.

कामाचा काळही विचार करण्यासारखा आहे. खानदेशात अक्षय्य तृतीयेस, म्हणजे आखाजीस, शेतीचे वर्ष पालटते. सालदाराचा करार या दिवशी संपतो व नवा सुरू होतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात. आखाजीपासून रोहिणी व पुढे मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जे चार-सहा आठवडे मिळतात त्यांतच छपराचे काम आटोपावे लागे. शेताची नांगरट व वखरणी, सरपण भरणे, कडबा झाकणे आणि छप्पर करणे ही सर्व कामे याच अवधीत एकमेकांवर येऊन आदळत. ज्याच्या घरी सालदार होता त्याच्या धाब्यावर माती वेळेवर पडे. परंतु सालदाराच्या स्वतःच्या झोपडीचे काय? दिवसाचे श्रम धन्यास विकलेल्या माणसाला स्वतःच्या छपरासाठी रात्र व सणाची सुटी एवढेच उरत असे. 'वार्षिक डागडुजी' या निरुपद्रवी शब्दसमूहामागे श्रमाच्या वाटणीची अशी विषमता आहे. तीत स्त्रियांचा वाटा विशेष होता. माती कालविणे, टोपल्यांनी वर पोचविणे व सारवणे ही कामे बहुधा त्यांच्याकडे असत, आणि मजुरीच्या हिशेबात ती क्वचितच दिसतात.

खानदेशचे गॅझेटियर, म्हणजे जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० चा बारावा खंड, हा या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाचा पाया समजला जातो व ते योग्यच आहे. परंतु अशा ग्रंथांची दृष्टी महसुली असते. घर कशाचे बांधलेले आहे, त्यात भांडी किती, बैल किती, हे त्यांना मोजावयाचे असते, कारण त्यावरून रयतेची ऐपत ठरते. घर दरसाल कसे उभे ठेवले जाते ही बाब मोजणीत बसत नाही. बिनमोलाच्या मातीला आणि घरच्या माणसांच्या श्रमाला बाजारभाव नव्हता, म्हणून आकडाही नाही.

माती बिनमोल होती खरी, पण ती येत होती कोठून? कित्येक ठिकाणी ती गावाजवळच्या जुन्या पांढरीच्या टेकाडातून येत होती, आणि येथे आपला विषय पुरातत्त्वाशी भिडतो. तापीच्या काठी, गोमाईच्या संगमावर असलेल्या प्रकाशे येथील टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बा. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये केले. ताम्रपाषाण काळापासून इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुमारापर्यंतचे वस्तीचे चार कालखंड तेथे उजेडात आले. तापीकाठच्याच सावळदा गावाचे नाव एका ताम्रपाषाण संस्कृतीस मिळाले आहे. महाराष्ट्रातील अशा टेकाडांची जी स्थिती अभ्यासकांना आढळली ती सर्वत्र सारखीच आहे. कडा तुटलेल्या, पोटात खड्डे, वरचे थर नाहीसे. पांढरी माती शेतात खत म्हणून आणि घरांवर छप्पर म्हणून गाड्या भरभरून नेलेली. याबद्दल गावकऱ्यांना दोष देण्याची प्रथा आहे. मला ती न्याय्य वाटत नाही. वस्तीची माती वस्तीसाठी वापरणे हा पांढरीचा मूळ व्यवहारच होता. पूर्वजांच्या पडलेल्या भिंती वंशजांच्या डोक्यावर चढत होत्या, आणि त्या पडल्या की पुन्हा टेकाडात मिळत होत्या.

अभ्यासकाने मात्र यातून एक पद्धतीविषयक धडा घ्यावयास हवा. पांढरीतून उचललेल्या मातीबरोबर खापरेही उचलली जातात. दोनशे वर्षांपूर्वीच्या घराच्या धाब्यात तीन हजार वर्षांपूर्वीचे खापर सापडू शकते, व ते घर पडले म्हणजे हे खापर सर्वांत वरच्या थरात जाऊन बसते. पृष्ठभागावरील खापरांवरून वस्तीचा काळ ठरविणाऱ्या पाहणीत ही उलथापालथ ध्यानात न घेतल्यास निष्कर्ष सहज चुकतील. छपराची डागडुजी ही अशा रीतीने इतिहासाच्या साधनांची सतत चाललेली फेरमांडणी आहे.

मग धाबे स्वतः किती प्राचीन? ते अनादि काळापासून चालत आले आहे असे गृहीत धरण्याचा मोह होतो. पुरावा त्यास पुष्टी देत नाही. धुळे जिल्ह्यातील कवठे येथे म. के. ढवळीकर यांनी केलेल्या उत्खननात सावळदा संस्कृतीची जी घरे उघडकीस आली ती खड्ड्यांतली, खांबांच्या आधारावर गवताने शाकारलेली अशी आहेत. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या घरांविषयीही खांबांच्या खळग्यांवरून गवती छपराचेच अनुमान केले गेले. सातवाहन काळी नेवासे, तेर यांसारख्या नगरांत भाजलेली कौले वापरात होती. ती खिळ्यांनी पक्की करण्यासाठी त्यांस भोकेही ठेवलेली असत. पाली विनयपिटकात विहारांसाठी आच्छादनाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वीट, दगड, चुना, गवत आणि पाने. त्यात नुसत्या मातीचे छप्पर नाही. ही यादी उत्तर भारतातील, व तीही भिक्षूंच्या निवासांची, हे मान्य करूनही तिच्यातील अनुपस्थिती लक्षणीय आहे.

महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'त एक गाथा आहे, तिचा आशय येथे सांगण्याजोगा आहे. प्रवासास गेलेल्या पतीच्या परतीचे दिवस भिंतीवर रेघांनी मांडून ठेवलेले आहेत. झंझावाताने घराचे गवत उडून गेले आहे, आणि त्या भगदाडातून पडणाऱ्या धारांपासून गृहिणी त्या रेघा आपल्या तळव्यांनी झाकून राखीत आहे. विरहाची गाथा म्हणून ती वाचली जाते व तशी ती आहेच. परंतु छपरांच्या इतिहासाच्या दृष्टीने ती एक साक्षही आहे. घर गवती आहे, पाऊस आला आहे, आणि ज्याने ते शाकारावयाचे तो पुरुष घरी नाही. वर्षाऋतूपूर्वी प्रवाशांनी घरी परतावे या काव्यसंकेतामागे किती ठिकाणी हे व्यावहारिक कारण असेल, याचा विचार आमच्या काव्यमीमांसकांनी केलेला दिसत नाही! कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त तर शेजाऱ्याच्या भिंतीस पाण्याने अपाय करणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. पन्हळाचे पाणी कोणाच्या बाजूस पडावे यावरची भांडणे आजच्या गावांतही अपरिचित नाहीत.

सतराव्या शतकात सुरत ते बऱ्हाणपूर हा मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जात असे, आणि युरोपीय प्रवासी त्याने जात-येत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने त्या शतकाच्या मध्यास बऱ्हाणपूरची बहुतेक घरे गवताने शाकारलेली असल्याचे नमूद केले आहे. सुभ्याच्या राजधानीची ही स्थिती! मातीचे सपाट छप्पर आणि गवती छप्पर ही दोन्ही एकाच काळी या प्रदेशात असणार, यात संशय नाही. परंतु सपाट मुलखात धाब्याचा जो सार्वत्रिक प्रसार नंतर दिसतो त्याची कारणे केवळ हवामानात शोधणे पुरेसे नाही. माझ्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, मैदानातील कुरणे मोडून शेती वाढली तसतसे छपरायोग्य गवत दुर्मिळ झाले व पऱ्हाट्या-तुराट्या विपुल झाल्या. दुसरी, मातीचे छप्पर जळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकर-शिंद्यांच्या लढाया व पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या यांनी खानदेश होरपळला. अशा काळात आग न लागणाऱ्या छपराचे मोल निराळे सांगावयास नको. तिसरी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीमुळे पांढरी माती हाताशी साठलेली होती. जुन्या गावाला धाबे परवडते, नव्या पाड्याला नाही, कारण त्याच्यापाशी अजून पांढरीच नसते.

पश्चिमेस नवापूरकडे व उत्तरेस सातपुड्यात शिरले की पाऊस वाढतो आणि धाबे मागे पडते. गावित, कोकणी, भिल्ल, पावरा यांच्या घरांवर उतरते छप्पर दिसते. पूर्वी ते गवताचे व सागाच्या पानांचे असे, पुढे नळीच्या कौलांचे झाले. कुंभार चाकावर मातीची नळी घडवून ती उभी चिरतो व एका नळीची दोन कौले करतो. ही कौले हलकी व सुटी, म्हणून वारा, मांजरे आणि विशेषतः वानरे यांच्यामुळे सरकतात व फुटतात. वैशाखात सर्व कौले उतरवून, झटकून, फुटकी निवडून पुन्हा लावणे हीच शाकारणी. गवती छपराला तर दर एक-दोन वर्षांनी नवे गवतच लागे, आणि ते रानातून येई. १८७८ च्या जंगल कायद्याने राने राखीव होऊ लागली तेव्हा छपराचा प्रश्न एकाएकी सरकारी परवानगीचा प्रश्न झाला. वासे, वेळू, गवत व पाने या ज्या वस्तू आदिवासी कुटुंब हक्काने आणीत असे त्या आता सवलत म्हणून, किंवा दंड भरून, मिळू लागल्या. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्यावर जो कडक आक्षेप घेतला तो गुरांच्या चराईसंबंधी म्हणून उद्धृत केला जातो. त्याच राखीव कुंपणाआड घराचे छप्परही अडकले होते, हे त्याबरोबर सांगावयास हवे. मैदानातल्या शेतकऱ्याची माती कोणी राखीव केली नाही, डोंगरातल्या माणसाचे गवत मात्र राखीव झाले. या एका भेदाने दोन शेजारी समाजांच्या घरांचा पुढील इतिहास निरनिराळा झाला.

विकतच्या छपराचे युग रेल्वेबरोबर आले. नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये १८२९ मध्ये घेतले गेले होते, आणि बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला होता. परंतु वजनी व फुटणारा माल बैलगाडीने आणणे कोणास परवडणार? सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला, तेव्हा कौले व पत्रे व्यापाऱ्याच्या वखारीत दिसू लागले. आरंभी ती प्रतिष्ठेची वस्तू होती. त्यांचा खरा प्रसार पुढे, लाकूड महागल्यावर आणि मजुरी रोखीने द्यावी लागू लागल्यावर, झाला. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेने व २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेने पक्के घर ही सरकारी व्याख्याच बनली. पक्के म्हणजे ज्याला माती टाकावी लागत नाही ते.

या बदलाचा जमाखर्च प्रामाणिकपणे मांडावयास हवा. पत्र्याने व स्लॅबने स्त्रियांच्या डोक्यावरची मातीची टोपली उतरविली, मजुराला वैशाखातली मोकळी रात्र दिली, साप-विंचू व उंदरांचा उपद्रव कमी केला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली ती मुख्यतः चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदाची जड माती अंगावर आल्यामुळे. जेथे छपराचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर होता तेथे भिंती ढासळूनही कित्येक ठिकाणी छप्पर उभे राहिले, ही गोष्ट जुन्या खणपद्धतीच्या बाजूने सांगता येते. तरीही जड छपराचे भय त्या दिवसानंतर मराठवाड्यापुरते मर्यादित राहिले नाही.

खर्चाच्या बाजूस उष्णता आहे. लोखंडी पत्र्याला उष्णता थोपवून धरण्याची शक्ती जवळजवळ नाहीच. दुपारचे ऊन दुपारीच खाली उतरते. चार इंचांचा काँक्रीटचा स्लॅब ती अडीच-तीन तास अडवितो, आणि मग नेमकी संध्याकाळी, घरातील माणसे कामावरून परत येताना, ती खाली सोडू लागतो. धाब्यापेक्षा त्याची वेळच चुकलेली आहे. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर मृत्यूंचे प्रमाण अभ्यासून २०१३ मध्ये उष्णता-कृती आराखडा तयार झाला. पुढे पत्र्यांच्या व स्लॅबच्या घरांवर पांढरा रंग देण्याची मोहीम त्यात आली. उन्हाळ्याच्या तोंडी दरसाल चुना फासावा, असा हा नवा उपदेश आहे. म्हणजे वार्षिक डागडुजी दुसऱ्या दाराने घरात परत आलीच. स्लॅबला डागडुजी लागत नाही हा समजही भ्रामक आहे. पन्हळ तुंबले, कोब्याला तडा गेला आणि पाणी साचून आतली सळई गंजली की स्लॅबचे आयुष्य धाब्याच्या तुळईपेक्षाही कमी ठरते. फरक एवढाच की धाब्याची दुरुस्ती घरातील कोणासही येत होती, स्लॅबच्या दुरुस्तीस कारागीर व रोख पैसा लागतो.

मातीच्या छपराची ही संस्था केवळ आपल्याकडची नाही. अनातोलिया, सीरिया व इराण येथील सपाट मातीच्या छपरांवर दगडी रूळ कायम ठेवलेला असे, आणि प्रत्येक पावसानंतर तो फिरवून माती दाबीत. आपल्याकडे त्या जागी धुम्मस आणि माणसाचे पाय होते. तेथील संशोधकांनी असे रूळ वस्तुसंग्रहालयांत नेले व जुन्या छपरांचे छेद घेऊन मातीचे थर मोजले. धाब्याचा उभा छेद काळजीपूर्वक घेतल्यास त्यातही वर्षावर्षांचे थर, मध्येच जुनी माती उतरविल्याची खूण आणि माती पांढरीतून की खारवटीतून आली याचा पुरावा मिळेल. कोरीटच्या टापूत व एकूणच तापीकाठी जी थोडी धाबी उरली आहेत ती नव्या घरासाठी उतरविली जाण्यापूर्वी हे काम होण्यासारखे आहे. त्यास मोठे अनुदान लागत नाही. एक फूटपट्टी, चाळणी, मातीचे नमुने ठेवण्यास पिशव्या, आणि घरातील ज्या वृद्ध स्त्रीने ती माती वाहिली तिच्याशी बोलण्याची फुरसत एवढे पुरे. उतरविलेल्या धाब्याची माती सहसा त्याच आठवड्यात गाडीत भरली जाते व शेतात खत म्हणून पसरली जाते.